यूए १३+ चित्रपटातल्या शिव्या म्यूट झाल्या, मग भूत का राहिलं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही एका भुताच्या चित्रपटाला गेलो. प्रमाणपत्र यूए १३+ होतं, पण आईवडील सोबत असले की चालतं असं आम्हाला वाटलं, आणि दारावरही कुणी हटकलं नाही. सगळ्या शिव्या म्यूट केलेल्या, रक्तही फारसं नव्हतं. तरी मुलगी आठवडाभर एकटी बाथरूमला जात नाहीये. शिवी कानावर पडू नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या सेन्सॉरला ते भूत दिसलं नाही का? या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवायचा की नाही?’

मी बावीस वर्षं चित्रपटांचं संकलन करते आहे. चित्रपट सेन्सॉरला पाठवायची तयारी करणं, आलेली कटांची यादी टेबलावर घेऊन ते कट प्रत्यक्ष करणं, हे माझ्या कामातच येतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला टेबलाच्या या बाजूने देता येईल.

आधी दोन गोष्टी मान्य करते. तुम्ही कोणता चित्रपट पाहिला ते मला माहीत नाही, त्यामुळे त्याला १३+ देणं बरोबर होतं की चूक हे मी सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे मुलं सारखी नसतात. एकाच घरातली दोन भावंडं एकाच दृश्याला अगदी वेगळी वागताना मी पाहिली आहेत. एकाला रात्री गाढ झोप लागते आणि दुसरा महिनाभर आरशात बघत नाही. त्यामुळे वयाचा कोणताही आकडा अंदाजाचाच राहणार.

पण तुमच्या प्रश्नात खरे दोन प्रश्न मिसळलेत. एक, चित्रपट कोणत्या वयासाठी योग्य हे कसं ठरतं? आणि दोन, त्यातून काय कापायचं हे कसं ठरतं? ही दोन कामं वेगळी आहेत, आणि बहुतेक पालकांचा गोंधळ इथेच होतो. काहीतरी कापलंय हे दिसलं की उरलेलं सगळं आपल्या मुलांसाठी गाळून, निवडून ठेवलंय असं वाटतं. तसं नसतं.

कायद्यापासून सुरुवात करते, कारण दारावर तुम्हाला कुणी का अडवलं नाही ते त्यात आहे. आपल्याकडचा मूळ कायदा १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा. बरीच वर्षं ‘यू’ आणि ‘ए’ असे दोनच वर्ग होते: सगळ्यांसाठी, किंवा फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. १९८३ मध्ये ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ हे वर्ग आले. त्याच वर्षी मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ हे नाव आलं. आपल्या तोंडी मात्र ‘सेन्सॉर’च राहिलं. मीही इथे तोच शब्द वापरतेय, कारण स्टुडिओतही सगळे तोच वापरतात.

तेव्हाच्या ‘यूए’चा अर्थ होता की १२ वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं. पाच वर्षांचं मूल आणि साडेअकरा वर्षांचं मूल एकाच डब्यात. हे चाळीस वर्षं चाललं. २०२३ मध्ये कायदा बदलला, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत पालकांच्या उपयोगाचा झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

मात्र हे तिन्ही आकडे पालकांसाठीच्या सूचना आहेत. कायद्यातच म्हटलंय की पालकांखेरीज दुसऱ्या कुणाला त्यांची सक्ती करता येत नाही. ‘ए’ चित्रपटाला लहान मुलाला आत सोडलं तर थिएटरवाला गुन्हेगार ठरतो. १३+ ला तुमच्या आठ वर्षांच्या मुलीला त्याने सोडलं, तर त्याने काहीच चूक केली नाही. ‘पालक सोबत असले की चालतं’ ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे. पण शेजारच्या खुर्चीत आई बसली म्हणून पडद्यावरचं दृश्य सौम्य होत नाही. १३+ म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलाबद्दलचा निर्णय तुमच्यावर सोपवला आहे. तो निर्णय तुम्ही घ्यायचा राहून गेला, कारण तो तुमच्याकडे आहे हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. यात तुमचा दोष मला दिसत नाही. प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात.

आता कापाकापीबद्दल. चित्रपट मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जातो. अशी नऊ कार्यालयं आहेत, मुंबईचं त्यातलं एक. तिथे परीक्षण समिती तो बघते. त्यात एक अधिकारी आणि सल्लागार सदस्य असतात, आणि महिला सदस्य असाव्याच लागतात. १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चित्रपट सुटा सुटा बघायचा नाही, त्याचा एकूण परिणाम बघायचा, तोही कथेचा काळ आणि समाजाची आजची मानकं धरून. मग सदस्य आपली मतं लेखी नोंदवतात आणि निर्मात्याला निर्णय कळवला जातो.

इथे ती गोष्ट होते जी बाहेरच्यांना दिसत नाही. निर्णय पुष्कळदा असा येतो: आहे तसा ठेवलात तर ‘ए’, आणि ही अमुक कटांची यादी मान्य केलीत तर ‘यूए’. निवड निर्मात्याने करायची. ‘ए’ घेतला की कुटुंबासोबत येणारा प्रेक्षक गेला आणि टीव्हीवर दाखवणंही अवघड झालं. त्यामुळे बहुतेक निर्माते कट स्वीकारतात. पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे जाता येतं. त्यापुढे पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. पण प्रदर्शनाची तारीख ठरलेली असताना तेवढा वेळ फार थोड्यांकडे असतो.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? तुम्ही पाहिलेला चित्रपट कदाचित मोठ्यांना घाबरवण्यासाठीच लिहिला, चित्रित केला आणि जोडला गेला होता. नंतर त्याचे बाहेर आलेले, बोट ठेवता येण्यासारखे कोपरे तासून तो एक पायरी खाली आणला गेला. त्याचा सांगाडा मोठ्यांच्याच चित्रपटाचा राहिला. मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला १३+ आणि ‘ए’वरून उतरवलेला १३+ प्रमाणपत्रावर सारखेच दिसतात, पण थिएटरात ते सारखे नसतात.

आणि आता तुमचा नेमका प्रश्न: शिवी गेली, मग भूत का राहिलं? कारण शिवी मोजता येते. ती कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला आहे हे यादीत लिहिता येतं. रक्ताचा शॉट, चुंबन, सुरी लागतानाचा क्षण, यांचंही तसंच. ‘दृश्य ५० टक्क्यांनी कमी करा’ अशी सूचना येते, मी सेकंद मोजते, कापते, पाठवते. भीतीला अशी जागा नसते. ती वीस मिनिटांत थोडी थोडी साठत जाते. रिकामा जिना, न हलणारा कॅमेरा, दुसऱ्या खोलीतून येणारा पाण्याच्या नळाचा आवाज. यातला कोणता शॉट आक्षेपार्ह म्हणून लिहिणार? प्रत्येक शॉट सुटा काढला तर कुठल्याही यू चित्रपटात बसेल असा असतो.

एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका भयपटावर काम करत होते. त्यात एका बाईचा विद्रूप झालेला चेहरा चार वेळा दिसायचा. मिळून साधारण नऊ सेकंद. ते निम्मं करायला सांगितलं गेलं. मी दोन शॉट पूर्ण काढले, दोन आखूड केले. रिकाम्या जागेत बंद दाराचा शॉट टाकला, आणि खालचं संगीत तुटू नये म्हणून ते होतं तसंच ओढून नेलं. काम चोख झालं, प्रमाणपत्र मिळालं. पण नवं रीळ लावून बघितलं तेव्हा मला धक्का बसला. आधीच्या आवृत्तीत त्या जागी माझ्या सहायकाचं लक्ष मेकअपकडे जायचं. गालावरच्या रबराची कड दिसते का, हे तो दर वेळी शोधायचा. आता चेहरा दिसेना, फक्त दार आणि तो आवाज, आणि तोच मुलगा खुर्चीत मागे सरकला. भीती कमी करायला म्हणून केलेल्या कटाने ती वाढली होती. नियमाच्या दृष्टीने मात्र चित्रपट सौम्य झाला होता.

त्या दिवसापासून मी आवाजाकडे वेगळ्या कानांनी बघायला लागले. लहान मुलांना घाबरवण्याचं निम्म्याहून अधिक काम आवाज करतो, असं माझं ठाम मत झालंय. चित्रावरची नजर मूल हटवू शकतं, डोळे मिटू शकतं, आईच्या कुशीत तोंड खुपसू शकतं. आवाज तिथेही पोचतो. थिएटरात तर खर्जातला घुमारा नुसता ऐकू येत नाही, तो खुर्चीतून आणि छातीतून जाणवतो. त्यात मिक्सिंगची, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामातली, एक नेहमीची युक्ती असते: आधी सगळे आवाज काढून घ्यायचे, पार्श्वसंगीत थांबवायचं, शांततेत तीन-चार सेकंद जाऊ द्यायचे आणि मग एकदम दणका. शरीर दचकतं ते विचार करायच्या आतच. मोठा माणूस दचकून हसतो, कारण हे चित्रपटात होतंच हे त्याला माहीत असतं. आठ वर्षांच्या मुलीजवळ तो अनुभव अजून नसतो. आणि हे सगळं कटांच्या यादीत सहसा येतच नाही. ‘या प्रसंगातला खर्ज कमी करा’ अशी सूचना मला आजवर एकदाही आलेली नाही. यावी असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या मनावर चित्रपटाचा परिणाम जास्त होतो हा विचार कायद्याच्या मुळाशी आहेच. ‘अ टेल ऑफ फोर सिटीज’ या लघुपटाच्या निमित्ताने दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले होते. चित्रपटांची पूर्वतपासणी योग्य आहे असा निकाल न्यायालयाने १९७० मध्ये दिला, आणि त्याचं एक मुख्य कारण हेच दिलं की हलणारी चित्रं इतर कलांपेक्षा खोल भिडतात, आणि मुलं तर ती खरी मानतात, लक्षात ठेवतात, तसं करून बघतात. माझा अनुभव हेच सांगतो. पण त्याच निकालात कलेला मोकळी जागा ठेवायलाही सांगितलं होतं. पुढे १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात न्यायालयाने अत्याचाराचं दृश्य त्याच्या संदर्भात बघितलं: ते चाळवण्यासाठी नाही, किळस आणि चीड यावी म्हणून आहे, तेव्हा ‘ए’ प्रमाणपत्रासह ते दाखवता येईल. मला हा मार्ग पटतो. मोठ्यांसाठीचं मोठ्यांना पूर्ण दाखवा, आणि लहानांना त्याच्यापासून वयाच्या आकड्याने दूर ठेवा. कापून सगळ्यांसाठी एकच करायला गेलं की मोठ्यांना अर्धवट मिळतं आणि लहानांना तुमच्या मुलीला मिळालं तसं काहीतरी मिळतं.

तुमच्यासारखी तक्रार जगात इतरत्रही झाली आहे. अमेरिकेत १९६८ पासून वर्गवारी होती, तरी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघण्याचा ‘पीजी’ आणि त्यावरचा, बराच कडक ‘आर’ यांच्यात मोठी दरी होती. पीजी चित्रपट बघून मुलं घाबरल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा १९८४ मध्ये मधला ‘पीजी-१३’ आला. नेदरलँडने २००१ पासून आणखी पुढचं केलं. तिथे वयासोबत कारणाची चित्रखूण असते. हिंसेसाठी वेगळी, शिवराळ भाषेसाठी वेगळी, आणि भीतीसाठी स्वतंत्र खूण, कोळ्याचं चित्र. भीती हा हिंसेपेक्षा वेगळा परिणाम आहे हे तिथे मान्य केलंय. १३+ हा आकडा शिव्यांमुळे आहे, मारामारीमुळे आहे की भुतामुळे, हे आपल्याकडे तिकीट काढतानाच ठळक दिसलं असतं, तर तुम्ही मुलीला नेलंच नसतं, याची मला खात्री वाटते.

म्हणजे भरवसा किती ठेवायचा? आकड्यावर ठेवा, कटांवर ठेवू नका. आकडा कुणीतरी पूर्ण चित्रपट बघून दिलेला असतो, आणि माझा अनुभव असा की तो फारसा चुकत नाही. ७+ असेल तर आठ वर्षांच्या मुलीसाठी मी निदान विचार करेन. १३+ असेल आणि चित्रपट विनोदी किंवा कौटुंबिक असेल, तर कुणा मोठ्याने आधी बघून यावं. १३+ आणि भयपट असेल तर आठव्या वर्षी नकोच. १६+ ला पाचवी-सहावीतल्या मुलांना घेऊन जाणारे पालक मी बघते तेव्हा मला वाईट वाटतं.

आधी बघून आलेल्या माणसाला ‘मुलांना चालेल का?’ असं विचारू नका. लोक शिव्या आणि रक्त आठवून उत्तर देतात. त्याऐवजी विचारा: कुणी मूल हरवतं का, आईवडिलांपैकी कुणी मरतं का, घरातली रोजची जागा भीतीची होते का? सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं जे दिसायला भयंकर आहे त्याला घाबरतात, मग ते शेवटी प्रेमळ निघालं तरी. त्यानंतर हळूहळू त्यांना ‘हे माझ्याबाबतीत होऊ शकेल का’ याची भीती वाटायला लागते. तुमच्या मुलीचं वय बरोबर या दोन्हींच्या सांध्यावर आहे, आणि बाथरूम ही जागा त्या चित्रपटात आली असणार असा माझा अंदाज आहे.

ट्रेलरवर विसंबू नका. ट्रेलरचं प्रमाणपत्र वेगळं घेतात. त्याच्या सुरुवातीला ‘यू’ दिसलं तर ते त्या दोन-अडीच मिनिटांचं असतं, चित्रपटाचं नाही. मोबाइलवर किंवा टीव्हीवर ओटीटीत दिसणारे १३+, १६+ हे आकडे २०२१च्या नियमांनुसार त्या त्या कंपनीने स्वतःच दिलेले असतात. यू/ए १३+ पासून पुढे लॉकची सोय त्यांना द्यावी लागते, ती सुरू करून ठेवा.

आणि थिएटरात असताना मूल घाबरलंच, तर डोळे झाकायच्या आधी कान झाका. शक्य असेल तर सरळ उठून बाहेर या. ‘आता संपेलच’ म्हणून बसवून ठेवू नका.

शेवटी तुमच्या मुलीबद्दल. मी डॉक्टर नाही. आणखी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा ती जेवेना, झोपेना, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. पण माझ्या भाच्याचं असंच झालं होतं तेव्हा जे केलं ते सांगते. तो नऊ वर्षांचा होता. ‘भूतबित काही नसतं’ हे सगळ्यांनी सांगून झालं होतं, त्याचा उपयोग नव्हता. मी त्याला दिवसाढवळ्या स्टुडिओत नेलं आणि एका भीतीदायक दृश्याचा आवाज पूर्ण बंद करून दाखवला. एक बाई जिना उतरत होती, एवढंच. मग नुसती पावलं वाजवली, आणि ती लाकडी फळीवर चपला आपटून कशी काढतात ते दाखवलं. मग वारा, मग दाराची करकर, मग खर्ज. आवाजाची प्रत्येक पट्टी चालू-बंद करायचं बटण त्याच्या हातात दिलं होतं. पाचव्या मिनिटाला तो पावलांच्या जागी टाळ्या वाजवून बघत होता.

घरी हे तुम्हालाही जमेल. दुपारी, उजेडात, छोट्या पडद्यावर, ट्रेलरचा आवाज शून्यावर ठेवून, रिमोट तिच्या हातात द्या. आवाज किती वाढवायचा आणि कधी थांबवायचं ते तिला ठरवू द्या. आधी तिला विचारा मात्र. ती नको म्हणाली तर तो विषय त्या दिवशी सोडून द्या, आणि बाथरूमच्या दाराशी उभं राहून तिच्याशी बोलत राहा.